खडूची खूण: अंतिम वर्षाच्या एका चित्रप्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बी.एफ.ए. या ललित कला पदवीच्या शेवटच्या वर्षी रंगकला विभागातील विद्यार्थ्याला स्वतःचा विषय घेऊन एक चित्रमालिका करावी लागते. आमच्या महाविद्यालयात जुलैमध्ये प्रस्ताव, डिसेंबरमध्ये अंतर्गत पाहणी आणि मार्चअखेर ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोरचे अंतिम सादरीकरण, असा क्रम असतो. आठ ते दहा कामे, एका पानाचे निवेदन आणि स्केचबुके एवढे सादर करायचे असते. पहिल्या तीन वर्षांत स्थिरचित्र, व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांत ज्यांचा हात चांगला बसलेला असतो, अशीही बरीच मुले या टप्प्यावर अडखळतात.

याचे एक कारण मला आपल्याकडील चित्रकला शिक्षणाच्या घडणीतच दिसते. महाराष्ट्रातील बहुतेक मुलांची चित्रकलेशी पहिली औपचारिक गाठ शासकीय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत पडते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन या सगळ्यांत काय काढायचे ते प्रश्नपत्रिका ठरवते. स्मरणचित्र म्हणजे खरे तर मुलाच्या स्वतःच्या आठवणीचा पेपर. पण तिथेही विषय छापूनच येतो, आणि शिकवणीत घोटून घेतलेली पाठमोरी बाई, हातगाडीवाला आणि छत्रीखालचा माणूस त्या विषयात बसवले जातात. पुढे पदवीच्या प्रवेश परीक्षेतही स्मरणचित्राचा पेपर असतोच, त्यामुळे त्याच आकृत्या आणखी एकदा घोटल्या जातात. आपल्या वर्गांतील बोलण्यातही हे उतरले आहे. ‘सरांनी विषय दिला’, ‘मला सोपा विषय आला’, ‘तिला चांगला विषय मिळाला’ असे मुले म्हणतात. विषय हा नेहमी कुणीतरी देतो, येतो किंवा मिळतो. दहा वर्षे विषय मिळत आल्यावर एके दिवशी तो स्वतः आणायला सांगितला, तर विद्यार्थी जिथे विषय तयार मिळतात तिथेच जाणार, यात नवल नाही.

येथे मांडलेले प्रकरण अशाच एका विद्यार्थिनीचे आहे. तिचे नाव आणि महाविद्यालयाचे नाव देण्याचे कारण नाही. मार्गदर्शक मी होतो आणि प्रकरणातील मोठी चूकही माझी आहे.

पहिला प्रस्ताव

त्या वर्षी वर्गात सोळा मुले होती. जुलैअखेर आलेल्या प्रस्तावांपैकी सहा स्त्री-सक्षमीकरणावर, चार पर्यावरणावर, दोन वारीवर आणि दोन मोबाइलच्या व्यसनावर होते. एकाला घोडे रंगवायचे होते. शिरोळ तालुक्यातील एक मुलगा 2019 च्या महापुरात घराच्या भिंतीवर उठलेल्या पाण्याच्या रेषेबद्दल काहीतरी करू पाहत होता. काय ते त्यालाही नीट सांगता येत नव्हते.

आमची विद्यार्थिनी पहिल्या सहांत होती. तिने तीन रफ, म्हणजे कच्ची रेखाटने, आणले होते. एकात साखळ्या तोडणारी स्त्री, दुसऱ्यात अर्धा चेहरा आणि अर्धा पिंजरा, तिसऱ्यात आठ हातांची गृहिणी, म्हणजे एका हातात लाटणे, एकात लॅपटॉप, एकात मूल. रेखाटन उत्तम होते. विशेषतः हात, हात असे काढू शकणारे विद्यार्थी मी फार पाहिलेले नाहीत. ही बाई कोण, असे विचारल्यावर मात्र ती गप्प झाली. ती बाई कुणीच नव्हती. तिन्ही चित्रे भिंतीवरच्या पोस्टरमधून आणि फोनच्या पडद्यावरून आली होती. विषयावर तिची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. घरात शिकू पाहणाऱ्या मुलीला त्या विषयाचा अर्थ कळण्यासाठी पोस्टरची गरज नसते. पण त्या रफमध्ये पाहण्यासारखे काही नव्हते; होते ते मान्य करण्यासारखे, आणि मान्य करून प्रेक्षक पुढे निघून जातो.

मी विचारले, ‘घरी कोण कोण काय करतं?’ तिने सांगितले की घर इचलकरंजीला आहे, वडिलांचा आठ मागांचा कारखाना आहे आणि तो घराला लागूनच आहे.

पुढचे सगळे बिघडले ते या उत्तराने मला झालेल्या आनंदामुळे.

मागाची सहा चित्रे

इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि शतकभरात गावाचे सारे जगणे या यंत्राभोवती गोळा झाले. सुताला खळ देणारे सायझिंगवाले, वहीफणीतून तारा ओवणारे वहिफणीवाले, मागांची दुरुस्ती करणारे जॉबर, कांड्या भरणाऱ्या बाया, मागवाले अशी एक साखळीच तिथे उभी राहिली. हे सगळे त्या मुलीच्या दारात होते, आणि ती मात्र पिंजरा रंगवत होती. ‘अगं, एवढं घरात असताना बाहेर कशाला शोधतेस?’ असे मी तिला म्हणालो. त्या वेळी हे वाक्य मला फार शहाणपणाचे वाटले होते. माझ्या जागी असलेल्या बहुतेक शिक्षकांच्या तोंडी ते कधी ना कधी येते.

त्याच आठवड्यात मी तिला संदर्भही दिले. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांची विणकरांच्या उठावावरील सहा मुद्राचित्रांची मालिका दाखवली, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत शहर आणि श्रमिक रंगवणाऱ्या सुधीर पटवर्धनांची चित्रे दाखवली आणि फोटो काढून आणायला सांगितले. ती दर शनिवारी एसटीने घरी जात असे. दसऱ्यापर्यंत तीन फूट बाय चार फुटांचे सहा कॅनव्हास तयार झाले. मागाशी उभा असलेला कामगार, कांडी भरणारी बाई, उभ्या सुताचा बीम वाहणारी दोन माणसे, खंडेनवमीला हार घातलेले माग वगैरे. सहकाऱ्यांनी वाखाणणी केली. एकाने तर ‘विद्यार्थिनीला तिचा सूर सापडला’ असे म्हटले आणि मी ते आनंदाने ऐकून घेतले.

काही खुणा मला तेव्हाच दिसायला हव्या होत्या. ती प्रत्येक चित्र दिलेल्या तारखेला आणून देत असे, आणि एकाही चित्राबद्दल तिला एकही प्रश्न पडत नसे. फोटोतली मांडणी कॅनव्हासवर जशीच्या तशी उतरत होती. वर्ग सुटला की ती ब्रश धुऊन निघून जाई, पूररेषावाला मुलगा मात्र शिपायाने दिवे घालवेपर्यंत खोलीत घुटमळत असे. पण सर्वांत मोठी खूण चित्रांतच होती. मागाच्या कारखान्यात कापसाची तूस सगळीकडे बसलेली असते. ट्यूबलाइटवर, कोळ्याच्या जाळ्यांवर, माणसांच्या भुवयांवर. धोट्याच्या खटखटाटात शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागते. या चित्रांत तूस नव्हती आणि आवाजही नव्हता. सगळे स्वच्छ, उजळ आणि नीट दिसेल असे उभे होते. जन्मापासून मागाशेजारी झोपलेल्या मुलीने माग पाहुण्याच्या नजरेने रंगवला होता. तो पाहुणा मीच होतो, माझेच कुतूहल तिने सहा वेळा रंगवून दिले होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी सहाही कॅनव्हास भिंतीला लावून मी सहज विचारले, ‘यातलं एखादं घरी लावायचं झालं, तर कुठलं लावशील?’

ती म्हणाली, ‘घरी कशाला, सर? घरी मागच हायत की.’

ती हसत होती. विनोद म्हणूनच बोलली होती. मला मात्र त्या सुट्टीत ते वाक्य पुरले.

चूक नेमकी कुठे झाली

व्यक्तिगत विषय म्हणजे आत्मचरित्र, असे मी नकळत धरून चाललो होतो. विद्यार्थिनी कुठून आली, तिचे वडील काय करतात, घरात काय आहे, यांची बेरीज केली की तिचा विषय निघतो, असा तो हिशोब होता. तो हिशोब चुकीचा आहे हे मीच दाखवलेल्या उदाहरणांत लिहिलेले होते. कोलविट्झ विणकरांच्या घरातल्या नव्हत्या. त्यांचे पती बर्लिनमधील कामगार वस्तीत डॉक्टर होते, आणि 1893 मध्ये नाटककार गेरहार्ट हाउप्टमान यांचे विणकरांवरील नाटक पाहून त्यांनी ती मालिका हाती घेतली. ती पूर्ण व्हायला 1897 साल उजाडले. म्हणजे त्यांचा इतका आपला वाटणारा विषय रंगभूमीवरून आला होता. उलट बाजूने पाहिले तर चित्रकार प्रभाकर बरव्यांनी वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली, पण त्यांची चित्रे आपण ओळखतो ती मागामुळे नव्हे. माणूस जिथे दिवस घालवतो आणि त्याची नजर जिथे अडकते, त्या दोन जागा एकच असतील असे नाही.

आत्मचरित्रातून विषय कधीच येत नाही, असेही मला म्हणायचे नाही. पूररेषावाल्या मुलाचा विषय त्याच्या घराच्या भिंतीवरच होता आणि त्याने त्यातून चांगले काम उभे केले. फरक असा की ती रेषा त्याने स्वतः आणली होती. मी ती त्याच्याकडून काढून घेऊन परत त्याला दिली नव्हती.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, जी कबूल करायला मला वेळ लागला. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय शहरी शिक्षकाला ग्रामीण किंवा कामगार घरातील विद्यार्थ्याच्या पार्श्वभूमीचे आकर्षण असते. वर्गातील डॉक्टरच्या मुलाला मी कधीही ‘दवाखाना रंगव’ असे सांगितलेले नाही.

स्केचबुकची मागची पाने

सुट्टीनंतर मी तिला दुसऱ्या वर्षापासूनची सगळी स्केचबुके घेऊन यायला सांगितले, अगदी नापास झालेल्या असाइनमेंटसह. ती पाच भरली. एका दुपारी डाँक्या, म्हणजे बसून चित्र काढायची बाके, बाजूला सरकवून आम्ही ती जमिनीवर उघडून ठेवली. पहिला तासभर कुणी काही बोलायचे नाही असे ठरले होते, आणि ते ठरवणे तिच्यापेक्षा मला जास्त गरजेचे होते. त्यानंतर तिने सारखी वाटणारी पाने एकत्र लावायची होती. सारखी कशाने, ते तिनेच ठरवायचे होते.

तिने आधी हातांची पाने एकत्र केली. मग बाजारातील माणसे. मग बराच वेळ थांबून, एका कोपऱ्यात वीस-बावीस पाने लावली, ज्यांत मला प्रथमदर्शनी काहीच समान दिसेना. बसस्थानकावरील बाक होता, ज्याची एक पट्टी गायब होती. महाविद्यालयाच्या जिन्यावरील फरशी होती, ज्यात एकच लादी नंतर बसवलेली, वेगळ्या रंगाची होती. एक गज नसलेली खिडकीची जाळी होती. वसतिगृहातील चादरीचा उसवलेला काठ होता. स्थिरचित्रांच्या अभ्यासाच्या कडेला पेन्सिलीने केलेली बारीक वर्तुळे होती; ती मी तपासताना केलेली नव्हती, तिने स्वतःच स्वतःच्या चुकांभोवती केली होती. यांपैकी बरीचशी पाने स्केचबुकच्या मागच्या बाजूने सुरू झालेली होती, जिथे मुले फोन नंबर, मेसचा हिशोब आणि सरांची व्यंगचित्रे काढतात. सादर करायची पाने पुढे आणि स्वतःची पाने मागे, अशी एक विभागणी बहुतेक विद्यार्थी आपोआप करतात. पुढच्या पानांना गुण असतात, म्हणून मीही इतकी वर्षे पुढचीच पाने पाहत आलो होतो.

इथे विचारण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. ‘हे का काढलंस?’ हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. ‘का’ असे विचारले की विद्यार्थी कारण तयार करतो, आणि कारण तयार करताना तो पुन्हा पोस्टरकडे जातो. ‘मोडलेला बाक म्हणजे मोडलेली व्यवस्था’ असे उत्तर मला नक्की मिळाले असते. म्हणून मी विचारले, ‘असं पहिल्यांदा कुठं बघितलंस?’

तिला विचार करावा लागला नाही. ‘आत्याकडं,’ ती म्हणाली. ‘आत्या कापड बघायची, तवा मी समोर बसायचे.’

तिची आत्या मागावरून उतरलेले कच्चे कापड तपासण्याचे काम करत असे. तागा टेबलावरून हळूहळू ओढायचा, खालून दिवा असतो, आणि त्या उजेडात जिथे तार तुटून रेघ पडली असेल, छिद्र असेल, तेलाचा डाग असेल तिथे खूण करायची. साध्या मागावर उभी तार तुटली तरी माग थांबतोच असे नाही. मागवाल्याच्या लक्षात येईपर्यंत कापडात बारीक रेघ उतरत राहते. आत्या दोषावर खडूने खूण करी आणि टेबलाच्या पलीकडे बसलेली ही मुलगी त्याच ओळीत कापडाच्या काठाला रंगीत दोऱ्याचा तुकडा बांधी, म्हणजे ताग्याची घडी घातल्यावरही दोष कुठे आहे ते बाहेरून कळते. पहिलीपासून सातवीपर्यंत उन्हाळ्याच्या प्रत्येक सुट्टीत तिने हे केले होते. आत्याला न दिसलेला दोष हिला आधी दिसला, तर पेप्सीकोलासाठी एक रुपया मिळायचा.

‘मग आत्याचंच चित्र काढ’ हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडता पडता राहिले. टेबल, खालून येणारा उजेड, म्हातारीचा चेहरा. कॅनव्हास माझ्या डोळ्यांपुढे पूर्ण उभा होता. ते वाक्य मी माझ्या वहीत लिहिले आणि वही मिटली. तेव्हापासून ती माझी सवयच झाली आहे. विद्यार्थ्याच्या कामाबद्दल मला एखादे चित्र स्पष्ट दिसू लागले की ते वहीत जाते, त्याच्या कानावर नाही.

खडू

तिला पुढचे दोन आठवडे चित्र काढायचे नाही, असे सांगितले. रोज दहा दोष शोधायचे. वहीत फक्त जागा, माप आणि प्रकार लिहायचा. विशेषण आणि अर्थ लिहायचा नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपणहून खडू आणला आणि वहीत नोंदवण्याआधी प्रत्यक्ष जागेवर खूण करायला सुरुवात केली. जिन्याची तुटलेली कड, नळाच्या पाण्याने खालची फरशी झिजून पडलेली वाटी, ग्रंथालयाच्या दाराला तीन बिजागऱ्यांपैकी निखळलेली एक, प्रत्येकीभोवती पिवळे वर्तुळ.

आठवडाभरात कार्यालयाकडून विचारणा झाली. इमारतीच्या दुरुस्तीकडे कुणीतरी उपहासाने लक्ष वेधत आहे, असा समज झाला होता, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. मी लेखी खुलासा दिला. शिपायांनी वर्तुळे पुसली. पुसल्यावर भिंतीवर फिकट पिवळे ढग उरले, आणि काही दोष त्या पुसण्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसू लागले. तिने त्या ढगांचीही नोंद वहीत केली, ‘खूण गेली, दोष आहे’ अशा शब्दांत. निवेदनात घ्यावे असे हे वाक्य मला वाटले. तिने ते घेतले नाही.

डिसेंबरच्या अंतर्गत पाहणीत तिने भिंतीला फक्त वही आणि बावीस छायाचित्रे लावली. मागाची सहा चित्रे तिने आणलीच नव्हती. पाहणी समितीने नापसंती नोंदवली आणि मालिका कशी होणार, असा रास्त प्रश्न विचारला. त्याचे उत्तर तेव्हा तिच्याजवळ नव्हते. माझ्याजवळही नव्हते, आणि असते तरी या वेळी मी ते दिले नसते, असे मला आता म्हणता येते. त्या दिवशी मात्र मी घाबरलो होतो.

कापडाची खळ

उत्तर साहित्यातून आले. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा खेळ सगळ्यांनी खेळलेला असतो. जानेवारीत ती जिन्याच्या पायऱ्यांवर मांजरपाट पसरून ग्राफाइटच्या कांडीने घासताना मला दिसली. कागद तुटक्या कडेवर फाटत होता, म्हणून कापड. पायरीची झीज, लादीतील भेग आणि मध्येच बसवलेली परकी लादी हे सगळे कापडावर आपोआप उमटत होते. रंगवून दाखवायचे काही उरतच नव्हते.

पहिले दोन तुकडे मात्र फिके आले. ग्राफाइट वरच्या वर राहायचे आणि हात लागला की निघायचे. मी दोन-तीन उपाय सुचवले, फिक्सेटिव्ह, म्हणजे रेखाटन पक्के करणारा फवारा, मारून पाहिले, कापड पिवळट झाले. तिने कापडाचे टोक दातांत धरले, चावले आणि म्हणाली, ‘सर, खळ आहे यात. काढायला पाहिजे.’ मागावर ताण सहन व्हावा म्हणून उभ्या सुताला सायझिंगमध्ये खळ दिलेली असते, आणि कच्च्या कापडात ती तशीच राहते. तिने मांजरपाट रात्रभर गरम पाण्यात भिजत घातला, दोनदा धुतला, वाळवला. कापड आटले, मऊ झाले आणि ग्राफाइट धरू लागले. चित्रकलेच्या वर्गात ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. इचलकरंजी तिच्या कामात आली ती अशी, दातांखालून. सहा कॅनव्हासांवर ती आली नव्हती.

खडूची खूण धुतलेल्या कापडावरही टिकेना. शिंप्याचा खडू, ऑइल पेस्टल आणि रंगीत पेन्सिल वापरून पाहून झाल्यावर तिने खडूचा नाद सोडला आणि काठाला लाल दोरा बांधायला घेतला, लहानपणी तिच्या वाट्याला आलेले तेच काम. नऊ कापडे झाली. सर्वांत लांब कापड साडेचार मीटरचे होते आणि त्यावर जिन्याचा एक पूर्ण टप्पा होता. त्याच्या काठाला एकोणीस दोरे होते.

या टप्प्यावर, आणि या टप्प्यावरच, मी तिला नसरीन मोहम्मदी यांचे काम दाखवले. 1937 मध्ये कराचीत जन्मलेल्या, बडोद्याला शिकवणाऱ्या आणि 1990 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातील किहीमला निधन पावलेल्या या चित्रकर्तीने आयुष्यभर पेन, पेन्सिल आणि आरेखनाची साधने घेऊन रेषेचाच शोध घेतला. रस्त्यावरील पट्टे, फरश्या आणि सावल्या यांची छायाचित्रे त्या काढत, पण ती त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाली नाहीत. त्यांच्या रोजनिशीच्या कित्येक पानांवर लिहिलेल्या ओळी शाईच्या पट्ट्यांनी झाकलेल्या आहेत. ती पाने आमच्या विद्यार्थिनीने फार वेळ पाहिली. चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी 1925 मध्ये लाकडी जमिनीवर कागद घासून केलेल्या प्रयोगांबद्दलही सांगितले, कारण ज्युरीत कुणीतरी ते नाव घेणार हे उघड होते. हीच नावे ऑगस्टमध्ये सांगितली असती, तर सहा मागांऐवजी तिने मला सहा नसरीन आणून दिल्या असत्या. संदर्भ कोणता द्यायचा याची आपण शिक्षक बरीच चर्चा करतो. तो केव्हा द्यायचा याची फारशी करत नाही.

निवेदन आणि ज्युरी

निवेदनाच्या पहिल्या खर्ड्यात ‘अस्तित्व’, ‘वेदना’, ‘संघर्ष’ आणि ‘समाजमनाचा आरसा’ हे सगळे होते. मी तिला एकच काम दिले. वर्गातील दुसऱ्या कुणाच्याही चित्रांखाली चालेल असे प्रत्येक वाक्य खोडायचे. एका पानातून चार ओळी उरल्या, आणि त्याच सादर झाल्या:

‘आमच्याकडे कापड तपासताना दोष दिसला की काठाला रंगीत दोरा बांधतात. मी कॉलेजचा जिना, फरशी आणि बाक तसे तपासले. दोरा असेल तिथे थांबून बघावे. काही ठिकाणी दोरा का बांधला ते मलाही आता सापडत नाही.’

ज्युरीचा निकाल संमिश्र लागला. एका परीक्षकांना काम आवडले आणि ते गुडघ्यांवर बसून लांब कापडाच्या काठाने पुढे सरकत गेले. दुसऱ्यांनी ‘यात चित्र कुठे आहे?’ असे विचारले, आणि मागाच्या चित्रांचे फोटो पाहिल्यावर ती का लावली नाहीत असेही विचारले. रंगकलेच्या विद्यार्थिनीने चार वर्षे शिकलेले रंगलेपन शेवटच्या वर्षी बाजूला ठेवावे का, हा त्यांचा आक्षेप मी आजही सहज झटकू शकत नाही. हात इतके चांगले काढणारी मुलगी, आणि अंतिम कामात एकही हात नाही. गुण मध्यम मिळाले. वर्गात तिचा क्रमांक सहावा आला. पूररेषावाला मुलगा पहिला आला. मागाच्या सहा चित्रांपैकी एक संस्थेने स्वागतकक्षासाठी मागून घेतले आणि ते तिथे आहे.

वर्गाच्या कामकाजात मी एकच बदल केला आहे. स्केचबुके आता नोव्हेंबरऐवजी जुलैमध्ये, प्रस्तावाच्या आधी जमिनीवर उघडली जातात, आणि मागच्या बाजूने. त्यातून दर वेळी काही निघतेच असे नाही. गेल्या वर्षी एका मुलाच्या मागच्या पानांवर खरोखर मेसचा हिशोबच होता. पण सहा मागांची चित्रे आधी झाली नसती, तर ही विद्यार्थिनी त्यांना नाकारून दुसरीकडे गेली असती का, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

वार्षिक प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी तिची आत्या इचलकरंजीहून आली. मी पुढे होऊन काम समजावून सांगू लागलो. बाईंनी ऐकून घेतले, मग जिन्याच्या लांब कापडाजवळ गेल्या. त्यावर उमटलेल्या पायऱ्यांकडे त्यांनी पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी काठ अंगठा आणि बोटांमध्ये धरला, उजेडाकडे करून थोडा ओढला आणि भाचीला विचारले, ‘कितीनं घेतलंस मीटर?’

तिने भाव सांगितला.

‘फसवलं की तुला,’ आत्या म्हणाल्या, आणि पुढच्या कापडाकडे वळल्या.